कातळाखालचं पाणी

कागल तालुक्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठी हिरवागार ऊस, पण माळावर चढलं की विहिरीच्या पाण्याचा प्रश्न येतोच. वर माती, मग मुरूम, खाली काळा कातळ. पाणी धरतो तो मुरूम आणि खडकातल्या भेगा.

हे थर खणण्याआधी कंपनांवरून ओळखता येतात. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून घणाचा ठोका घालायचा. ओळीनं खोचलेले जिओफोन, म्हणजे कंपन टिपणारी यंत्रं, त्या ठोक्याची लहर टिपतात. कोरड्या मातीतून लहर सेकंदाला काहीशे मीटर जाते, अखंड कातळातून पाचेक हजार. लहर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून थरांची खोली निघते. 1967 च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं कोयना परिसरातले कितीतरी खोल थर असेच मोजले. तिथं घणाऐवजी सुरुंग होते.

आपल्या दख्खनी खडकात मात्र मोठी अडचण आहे. कठीण थराखाली मऊ, सच्छिद्र थर असला, तर लहरींच्या वक्रीभवनावर, म्हणजे वाकण्यावर, चालणाऱ्या या पद्धतीला तो दिसतच नाही. लहर खाली वाकते, तिथून वर परतत नाही. आणि बोअरला पाणी लागतं ते बरेचदा अशाच थरात! म्हणून जोडीला विजेची चाचणी हवीच: ओला थर वीज सहज वाहू देतो, कोरडा कातळ अडवतो.