भोक वाकडे की हात वाकडा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘काहीतरी उपयुक्त’ बोलावयास सांगितले आहे. सारा जन्म खडू झिजविण्यात गेलेल्या आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाने यंत्रांविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु गतवर्षी आमच्या हातून एक अन्याय घडला व तो एका झिजलेल्या बेअरिंगाने उघडकीस आणला. त्याचीच हकीकत सांगतो.

मिरजेजवळ आमच्या पुतण्याची लहानशी शेड आहे. तेथे टेबलावर बसणारे एक स्वस्तातले ड्रिल मशीन आहे. फाटकाच्या बिजागऱ्यांच्या ६० पट्ट्या गिऱ्हाइकाने परत पाठविल्या. बिट १० मिलिमीटरचे आणि भोके साडेदहाची, तीही लांबट! मशीनवरचा मुलगा आपल्याच मंडळींपैकी, आमचाच विद्यार्थी. चार माणसांदेखत आम्ही त्यास म्हणालो, “अरे, तुझे चित्त तरी कोठे असते?” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर येईनासा झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतः भोक पाडून पाहिले. तेही साडेदहाचेच. वीज तोडून चक मुठीत धरून हलविला, तो पडू घातलेल्या दातासारखा हलला.

येथे एक सावधगिरी हवी. स्पिंडल ज्या नळीत फिरतो, तिला कारागीर क्विल म्हणतात. स्वस्त यंत्रात ही नळीच बिडाच्या डोक्यात सैल असू शकते; तसे असल्यास नवी बेअरिंगे घालून काडीचा उपयोग नाही. म्हणून एक बोट नळीवर व एक स्पिंडलवर ठेवून पाहावे. आमची नळी स्थिर होती. पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरविला, तर जात्यात खडा आल्यासारखा खरखरला.

त्याच संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो व चूक कबूल केली. त्याच्या आईने चहा दिला. मुलगा एवढेच म्हणाला, “गुरुजी, आवाज महिनाभर येत होता.” हे त्यास कोणी विचारलेच नव्हते.

यंत्र त्यानेच खोलले. नळी वर ओढणारी स्प्रिंग डबीत गुंडाळलेली असते. ती डबी घट्ट धरून हळूहळू सैल करावी, नाहीतर स्प्रिंग बोटे फोडते. नळीच्या दोन टोकांस दोन व पुलीपाशी दोन, अशी चार बेअरिंगे निघाली. त्यांवरील आकडे वाचण्यात आमच्यातील मास्तर जागा झाला. ६२०३ मधील ०३ म्हणजे आतील भोक १७ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०१ म्हणजे १२. ०४ पासून पुढे पाचाने गुणावे, म्हणजे ०४ चे २०. ६२०३ चा बाहेरील व्यास ४० व जाडी १२. कोणत्याही बनावटीचे घ्या, मापे तीच. मात्र बाजारात नकली माल फार. खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे.

बसविताना स्पिंडल रात्रभर शीतकपाटात ठेवला (घरातील मंडळींनी भाजीशेजारी लोखंड पाहून जे उद्गार काढले, ते येथे छापण्याजोगे नाहीत) आणि बेअरिंगे उन्हात तापल्या पत्र्यावर. थंडीने लोखंड आकसते, उष्णतेने प्रसरण पावते, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकविले; हातात प्रथमच पाहिले. बेअरिंग दांड्यावर चढविताना दाब केवळ आतल्या कड्यावर द्यावा, त्या मापाचा नळीचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकल्यास घाव गोळ्यांतून जातो, त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात, व नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. आम्ही हातोडा उचलला तेव्हा मुलानेच आमचा हात धरला.

सारे जोडून त्याने एक पट्टी लावली, भोक पाडले व ती आमच्यापुढे धरली. “गुरुजी, मोजा.”

व्हर्निअर लावले. १०.१ भरले. परत आलेल्या ६० पट्ट्या भंगारात गेल्या. नव्या ६० त्यानेच केल्या, आणि आम्ही शेजारी तेलाची बुधली धरून उभे होतो.