नवव्या क्रमांकाचा फलंदाज
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. अमेरिकेत तीस वर्षं काढलेला माणूस म्हणजे आता हा संगणकावर बोलणार, अशी धास्ती काही चेहऱ्यांवर दिसतेय. घाबरू नका, मी बेसबॉलवर बोलणार आहे. शाळेला द्यायच्या निधीवरून महिनाभर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रणधुमाळी चाललीय. चार हुशार मुलांना मोठी शिष्यवृत्ती द्यायची, की सगळ्या वर्गाच्या उपयोगी पडेल असं काही करायचं? ती वाचताना सारखं वाटत होतं, हा वाद आपण ऐकलाय. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर, बेसबॉलच्या हंगामात रोज. तिथे प्रश्न असा असतो : संघ जिंकतो तो एकदोन महान खेळाडूंमुळे, की सगळ्यांचं आपसांत जमतं म्हणून? या जमण्याला तिकडे 'केमिस्ट्री' म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने प्रयोगशाळेतला वास आठवतो, ते असो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. क्रिकेटमध्ये सचिन एकदा जमला की पन्नास षटकं तोच खेळू शकायचा. बेसबॉलमध्ये ते शक्यच नाही. नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात. तुम्ही होमरन मारा नाहीतर पहिल्या फटक्यात बाद व्हा, बाकीचे आठ खेळून झाल्याशिवाय तुमची पाळी परत येत नाही. जगातला सर्वोत्तम फलंदाजसुद्धा एका सामन्यात चारपाच वेळाच उभा राहतो. सामना सुरू करणारा पिचर तर साधारण दर पाचव्या दिवशी फेकतो. म्हणजे ताऱ्याची चमक किती वेळ दिसायची, हे खेळानेच ठरवून टाकलंय.

याचं सगळ्यात महागडं उदाहरण अॅलेक्स रॉड्रिगेझ. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याच्याशी दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. गंमत म्हणजे मालकाने अख्खा संघ १९९८ साली २५ कोटींना विकत घेतला होता! एक खेळाडू संघापेक्षा महाग. बरं, गडी कुठे कमी पडला नाही. तीन हंगामांत ५२, ५७ आणि ४७ होमरन, आणि २००३ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण त्या तिन्ही वर्षी रेंजर्स आपल्या गटात शेवटचे! त्यांचं पिचिंग दुबळं होतं. रॉड्रिगेझने कितीही धावा केल्या तरी भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं चाललं होतं.

आणि ज्या सिअॅटल मरिनर्सना सोडून तो गेला, त्यांचं काय झालं? तीन वर्षांच्या आत त्यांच्याकडून आधी रँडी जॉन्सन गेला, मग केन ग्रिफी, मग हा. आता संघ बुडाला, असं कुणालाही वाटावं. २००१ साली त्याच मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले आणि १९०६ पासूनच्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. लगेच केमिस्ट्रीवाले सरसावले : बघा, तारे गेले आणि संघ एक झाला. मला हे अर्धंच पटतं. त्याच वर्षी जपानहून इचिरो सुझुकी आला होता, त्याने २४२ हिट मारल्या, म्हणजे तारे काही संपले नव्हते. फरक असा की इचिरोच्या मागे येणारेही बरे होते. शिवाय प्लेऑफमध्ये हाच संघ यँकीजकडून हरला, तेव्हा केमिस्ट्रीचं नाव कुणी काढलं नाही. जिंकल्यावर जे प्रेम दिसतं, ते हरल्यावर कुठे जातं कोण जाणे.

अलीकडचं सांगायचं तर लॉस एंजेलिस एंजल्स. माइक ट्राउट आणि शोहेई ओतानी एकाच संघात, २०१८ ते २०२३, सहा हंगाम. त्या काळात दोघांनी मिळून तीनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. आणि त्या सहापैकी एकाही हंगामात संघाने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. ओतानी मग डॉजर्सकडे गेला : दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर घ्यायचे, बाकीचा संघ उभा करायला क्लबचे हात मोकळे राहावेत म्हणून. डॉजर्स २०२४ आणि २०२५ मध्ये अजिंक्य ठरले.

निधीबद्दल माझं मत यातून तुमच्या लक्षात आलंच असेल. चार मुलांना मोठं करायला माझा विरोध नाही, पण तुकडीतल्या सातव्या, आठव्या, नवव्या मुलाची पाळीही तेवढ्याच वेळा येते. ग्रुपवर माझ्यावर तुटून पडणाऱ्यांनी जेवणानंतर भेटावं.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांसाठी. 'एकोपा, एकोपा' म्हणता, तर ओकलंडचा अॅथलेटिक्स संघ बघा. १९७२, ७३ आणि ७४, लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि हा संघ आपसांत अक्षरशः मारामाऱ्या करायचा! जून १९७४ मध्ये डेट्रॉइटला कपडे बदलायच्या खोलीत रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ एकमेकांवर धावून गेले. सोडवायला गेलेला कॅचर रे फॉसी मानेला दुखापत होऊन बरेच दिवस बाहेर बसला. त्या वर्षीही ते जिंकलेच. बेसबॉलमध्ये हे चालू शकतं, कारण पिचर आणि फलंदाज यांचं द्वंद्व ही दोघांचीच गोष्ट असते. आपल्या खो-खोसारखा पाठीवर हात पडताक्षणी उठण्याचा तो खेळ नाही.

पण याच भांडकुदळ संघाचं १९७३ सालचं एक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना बाराव्या इनिंगपर्यंत लांबला. त्यात माइक अँड्र्यूज या राखीव खेळाडूकडून क्षेत्ररक्षणात लागोपाठ दोन चुका झाल्या आणि सामना गेला. मालक चार्ली फिनली यांनी त्याच्याकडून खांदा दुखावल्याच्या कागदावर सही घेतली, म्हणजे त्याला काढून दुसरा घेता येईल. अँड्र्यूज घरी गेला. दुसऱ्या दिवशी सरावाला ओकलंडचे खेळाडू उतरले ते दंडावर अँड्र्यूजचा १७ हा आकडा चिकटवून. एकमेकांशी धड न बोलणारी माणसं! कमिशनर बोवी कून यांनी मालकाचा निर्णय फिरवला, फिनलींना दंड केला आणि अँड्र्यूज परत आला. व्यवस्थापक डिक विल्यम्स यांनी खेळाडूंना सांगून टाकलं की सिरीज संपली की मी राजीनामा देणार. दिलाही. ओकलंडने सातवा सामना जिंकून सिरीज घेतली.

कुणाला केमिस्ट्री म्हणायचंच असेल, तर मी याला म्हणेन.

चौथ्या सामन्यात, मेट्सच्या मैदानावर, अँड्र्यूजला बदली फलंदाज म्हणून पाठवलं. विरोधी संघाचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. फटका जमिनीवरून गेला आणि तो बाद झाला. अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. पुढे बॉस्टनला कॅन्सरग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या जिमी फंडाचं अध्यक्षपद त्याने कितीतरी वर्षं सांभाळलं.

संयोजक घड्याळ दाखवतायत.