गिअर गाडीपेक्षा महाग का पडतो?

मी मैसूरला राहतो आणि माझी येझदी रोज चालवतो. १९६० साली याच गावात आयडियल जावा कंपनी सुरू झाली. आधी जावा, १९७३ पासून येझदी. १९९६ साली कारखाना बंद पडला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या.

चामुंडी टेकडी चढताना माझा तिसरा गिअर निसटायला लागला. तुमचाही निसटत असेल, तर आधी गिअर मागवू नका. गिअरच्या बाजूला जी बोटं असतात, ज्यांना आपण डॉग म्हणतो, त्यांचे कोपरे गोल झालेत का ते बघा. मग फोर्क बघा. फोर्क झिजला असेल तर गिअर पूर्ण अडकतच नाही, आणि नवा घातला तरी तोही निसटणार.

माझे डॉगच गेले होते. बाजारातून एक नवाकोरा गिअर आणला आणि बसवण्याआधी त्याच्यावर कानस फिरवली. कडक पोलादावरून कानस घसरते. इथे ती सरळ रुतली. असा नरम गिअर घालायचा म्हणजे पुन्हा इंजिन उतरवा, पुन्हा केस उघडा. मी परत केला.

मग बनवायचं ठरवलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. झिजलेल्या तुकड्यावरून हुबेहूब नक्कल केली, तर झीजही नव्यात उतरते. म्हणून दाते मोजा, दोन शाफ्टांमधलं अंतर केसवरून घ्या, डॉगचं माप न झिजलेल्या बाजूवरून घ्या. पोलाद असं हवं की वरून कडक होईल आणि आतून चिवट राहील. आतपर्यंत कडक झालं तर दात तुटतो, आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. भट्टीत तुकडा थोडा वाकतो, म्हणून मधलं भोक शेवटी ग्राइंड करायचं.

खर्च? एकच नग केला तर नाकापेक्षा मोती जड. मशीन लावण्याची मेहनत आणि भट्टी एका नगाला लागते तेवढीच दहाला. म्हणून आम्ही दहा जण एकत्र आलो, तेव्हा ते परवडलं.

२०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं, पण ती गाडी फोर स्ट्रोक, सहा गिअरची. तिचे भाग आपल्याला लागत नाहीत. त्या कारखान्यात काम केलेली माणसं आता म्हातारी झालीत. त्यांच्याकडे बसून मापं लिहून घ्या. आणि जुना गिअर भंगारात देऊ नका, त्याला चिठ्ठी बांधून ठेवा. पुढच्या माणसाला मोजायला तोच लागेल.