प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाचे?



सार्वमत हे लोकशाहीचे सर्वांत निर्भेळ रूप होय, असे मानण्याचा प्रघात आहे. ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ रोजी झालेल्या सार्वमताने या समजुतीतील भाबडेपणा उघडा पाडला.

२०१० पासून ग्रीस धनकोंच्या कर्जावर जगत होता आणि प्रत्येक हप्त्यासोबत वेतन, निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा यांना कात्री लागत होती. ही सक्तीची काटकसर थांबविण्याचे वचन देऊन जानेवारी २०१५ मध्ये अलेक्सिस त्सिप्रास यांचा सिरिझा पक्ष सत्तेवर आला. पाच महिन्यांच्या वाटाघाटी फसल्या, तेव्हा २७ जूनला त्यांनी सार्वमत पुकारले. मतदानास उरले जेमतेम आठ दिवस.

प्रश्न काय होता? युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जूनला मांडलेले दोन दस्तऐवज स्वीकारावेत काय? त्यांतील एक तर कर्ज पेलण्याच्या क्षमतेचे तांत्रिक विश्लेषण! शिवाय ज्या कर्जयोजनेसाठी हा प्रस्ताव होता, तिची मुदत ३० जूनलाच संपली होती.

या संदिग्धतेचा लाभ दोन्ही पक्षांनी उठविला. त्सिप्रास म्हणत, ‘नाही’ म्हणजे युरोचा त्याग नव्हे, ते वाटाघाटीतील बळ होय. युरोपातील अनेक नेते बजावीत, ‘नाही’ म्हणजे युरोला रामराम. २९ जूनपासून बँका बंद होत्या आणि खातेदाराला यंत्रातून दिवसाला केवळ ६० युरो मिळत. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भीती घालण्यासाठी निराळ्या प्रचाराची गरज नव्हती. ग्रीसला कर्जात सवलत दिल्यावाचून गत्यंतर नाही, असे सांगणारा अहवाल नाणेनिधीने २ जुलैला प्रसिद्ध केला. सावकाराची ही कबुली मतपत्रिकेवर मात्र कोठेच नव्हती.

तरीही ६१.३१ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. एकाही मतदारसंघाने ‘होय’ म्हटले नाही. लोकांना प्रश्न कळला नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. दस्तऐवज न वाचताही त्यांनी त्यामागचा खरा प्रश्न ओळखला होता: ही शिक्षा किती काळ भोगायची?

गैरसमज जनतेचा नव्हता. फसगत जनतेची झाली. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री यानिस वारुफाकिस यांनी राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या नकाराची पंतप्रधानांना अपेक्षा नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले. १३ जुलैला त्सिप्रास यांनी निवृत्तिवेतनातील कपात, करवाढ आणि सार्वजनिक मालमत्तेची विक्री यांना मान्यता दिली. बँका कोसळू नयेत म्हणून दुसरा मार्ग नव्हता, हा त्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद क्षुल्लक नाही. परंतु ही अडचण २७ जूनला दिसत नव्हती काय? आणि दिसत असेल, तर ती लोकांपासून का दडविली?

समाजवाद्यांनी सावकारशाहीचा धिक्कार करावाच. पण तेवढ्यावर थांबू नये. ‘नाही’ म्हटल्यावर काय सोसावे लागेल, हे जनतेला आधी सांगण्याचे धैर्य ज्या सरकारजवळ नसते, ते तिचा कौल मागत नाही. वाटाघाटीच्या पटावर तिला प्यादे म्हणून पुढे सरकवते.