काळदुर्गाच्या माथ्यावरून

माहीमच्या किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेस दृष्टी टाकली असता पालघरमागील डोंगररांगेत जो चौकोनी, कृष्णवर्ण कातळमाथा उठून दिसतो, तोच काळदुर्ग. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वारली बांधव ज्या वाघोबाला भक्तिभावाने पूजतात त्याच्या खिंडीतून, रानात शिरणारी पाऊलवाट गडावर जाते. चढण उभी आहे. कार्तिकानंतर वाळलेल्या गवतावरून पाय निसटतो, म्हणून हाती काठी असावी आणि वाटाड्या जवळच्या पाड्यातलाच घ्यावा.

तटबुरुजांच्या अपेक्षेने येणाऱ्यास कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी एवढाच ऐवज सापडेल. परंतु पश्चिमेस केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाड्या व त्यांपलीकडे अरबी समुद्र, पूर्वेस सूर्या नदीचे खोरे, असा दोहों बाजूंचा मुलूख ज्या माथ्यावरून एका नजरेत येतो, तो टेहळणीसाठी किती मोलाचा असेल, हे सांगावयास बखर नको. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९च्या जानेवारीत, माहीम, केळवे आणि तारापूर ही फिरंग्यांची ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापुरास मराठ्यांचे सरदार बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले. ग्रंथांत विस्कळीत वाटणारी ही मोहीम, माहीम आणि केळव्यामधील अंतर येथून डोळ्यांनी मोजल्यावर, मनात नीट बसते.

सफाळ्याजवळील तांदुळवाडीच्या गडावरून वैतरणेचे पात्रही असेच रमणीय दिसते. आषाढ-श्रावणात मात्र हे माथे ढगांत बुडालेले असतात. समुद्र पाहावयाचा तर मार्गशीर्ष-पौषातील सकाळ निवडावी आणि पिण्याचे पाणी पायथ्यापासूनच बरोबर न्यावे.