पदवीच्या वर्गात उद्योजकता

(वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'यशस्वी उद्योजकाच्या अंगी कोणते गुण असावे लागतात?' हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या परीक्षेत वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे, आणि विद्यार्थीही त्याचे उत्तर तितक्याच इमानाने देत आले आहेत. धाडस, दूरदृष्टी, चिकाटी, आत्मविश्वास, नेतृत्व असे क्रमांक घालून दहा गुण लिहिले की दहा गुण पदरात पडतात. परंतु तेच उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला एखादी साधी वस्तू तयार करून अनोळखी माणसाला विकून दाखव असे सांगितले, तर त्याची पंचाईत होते. उत्तरपत्रिकेतील गुण आणि अंगचा गुण यांमध्ये एवढे अंतर का पडते, आणि पदवीच्या तीन-चार वर्षांत ते कमी कसे करता येईल, याचा विचार आज करावयाचा आहे.

नोकरीसाठी घडलेली पदवी

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि आपल्याकडे वाणिज्य शिक्षणाचा पाया घातला गेला. बँका, विमा कंपन्या, रेल्वे आणि व्यापारी पेढ्या यांना हिशेब जाणणारी, कायदा समजणारी, पत्रव्यवहार सांभाळणारी माणसे हवी होती. ती गरज या शिक्षणाने उत्तम रीतीने भागवली. मात्र उद्योग काढणारा माणूस महाविद्यालयात घडतो, असे त्या काळी कोणी मानीत नसे. तो व्यापारी घराण्यात जन्मतो, पेढीवर बसून शिकतो किंवा दैवाने पुढे येतो, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो आंध्र प्रदेशातील काकिनाडा या शहरात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ पासून तेथील लहान व्यावसायिकांच्या गटांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत आणून थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. स्वतःसमोर अवघड पण आवाक्यातले उद्दिष्ट ठेवणे, त्याचा पाठपुरावा करणे, चुकीपासून शिकणे, यांवर त्यात भर होता. प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक पुढे इतरांपेक्षा अधिक हालचाल करताना, व्यवसाय वाढवताना आढळले, असा निष्कर्ष मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात मांडला. उद्योजकता केवळ रक्तातून येत नाही, ती शिक्षणाने वाढवता येते, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

यानंतर गुजरातने नव्या उद्योजकांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखले. १९८३ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली आणि १९८८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली. पदवीच्या अभ्यासक्रमातही बदल होत गेले. पुणे विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत विशेष विषयांच्या यादीत उद्योजकतेला स्थान मिळाले. मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये व्यवस्थापनाची स्वतंत्र पदवी सुरू केली. २०२४-२५ या वर्षापासून व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत घेण्यात आले. नोकरीसाठी घडलेल्या पदवीत उद्योजकतेने अशा रीतीने पाऊल टाकले आहे.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. काकिनाड्याचे प्रशिक्षणार्थी हे वयाने प्रौढ आणि चालू धंद्याचे धनी होते. हैदराबादेत जे शिकले ते परत जाऊन आपल्याच दुकानात वापरून पाहण्याची सोय त्यांना होती. पदवीचा विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचा असतो. त्याच्याजवळ ना भांडवल असते, ना दुकान, ना गिऱ्हाईक. त्याच्या मनात केवळ महत्त्वाकांक्षा जागवून त्याला बाहेर सोडणे म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलण्यासारखे आहे. त्याला आणखी काही हवे.

पन्नास पाकिटांचा धडा

ते काय हवे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, सोलापूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने शेंगदाण्याची चटणी करून विकण्याचे ठरवले. तिने दहा किलोचा घाणा धरला. ९ किलो शेंगदाणे किलोला १४० रुपये दराने १,२६० रुपयांचे झाले. तिखट, लसूण, जिरे, मीठ यांना २४० रुपये लागले. एकूण खर्च १,५०० रुपये. त्यातून २०० ग्रॅमची ५० पाकिटे निघाली, म्हणजे पाकिटाला ३० रुपये पडले. बाजारात असे पाकीट ६० रुपयांना जाते. विद्यार्थिनीने वहीत लिहिले : पाकिटामागे ३० रुपये नफा, घाण्यामागे १,५०० रुपये नफा.

आता तिच्या प्राध्यापकांनी तिला ही वही घेऊन बाजारात पाठवले. पाकीट आणि त्यावरची चिठ्ठी यांचे ४ रुपये, भाजण्याकुटण्याचे ३ रुपये, मजुरीचे ५ रुपये आणि वाहतुकीचे २ रुपये धरल्यावर पाकीट ४४ रुपयांवर गेले. दुकानदाराने छापील किमतीवर वीस टक्के, म्हणजे १२ रुपये मागितले. तिच्या हाती ४८ रुपये येणार. तीस रुपयांचा नफा चार रुपयांवर आला. त्यातच दुकानदाराने न खपलेली पाच पाकिटे परत केली. ४५ पाकिटांचे २,१६० रुपये जमा झाले आणि खर्च झाला होता २,२०० रुपये. पंधराशे रुपये नफ्याच्या जागी चाळीस रुपयांचा तोटा उभा राहिला. शिवाय दुकानदाराचे पैसे दीड महिन्याने मिळणार, आणि शेंगदाण्याचा व्यापारी मात्र रोख मागणार.

उत्पादन खर्च, वितरण खर्च, परत आलेला माल, उधारी, खेळते भांडवल ही सारी प्रकरणे या एका घाण्यात आली आहेत. पाठ्यपुस्तकात ती पूर्वीपासून आहेतच. पण चाळीस रुपयांच्या तोट्याने ती जशी समजतात तशी चाळीस व्याख्यानांनी समजत नाहीत. आणि या ज्ञानाची किंमत किती पडली? फक्त चाळीस रुपये. हाच धडा तिने पदवीनंतर, पाच लाखांचे कर्ज काढून, यंत्रे विकत घेऊन आणि गाळा भाड्याने घेऊन शिकायचा ठरवला असता, तर त्याची किंमत घरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा आईच्या दागिन्यांवर पडली असती. पदवीच्या वर्गात उद्योजकता शिकवण्याचे खरे प्रयोजन येथे आहे. धाडस कोणी कोणाला शिकवू शकत नाही. पण चूक स्वस्तात करून पाहण्याची जागा महाविद्यालय देऊ शकते.

परवडणारा तोटा

उद्योजक म्हणजे सर्वस्व पणाला लावणारा माणूस, असे चित्र कथाकादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी रंगवले आहे. प्रत्यक्षात अनुभवी उद्योजक कसा विचार करतात, याचा अभ्यास भारतीय वंशाच्या सरस सरस्वती यांनी अमेरिकेत केला. सत्तावीस मुरलेल्या उद्योजकांच्या विचारपद्धतीवरून त्यांनी २००१ मध्ये जो सिद्धांत मांडला, त्यातील एक तत्त्व 'परवडणाऱ्या तोट्या'चे आहे. किती नफा होईल याच्या भाकितावर हे उद्योजक फारसे विसंबत नाहीत. बुडाले तर किती बुडालेले चालेल, ते आधी ठरवतात आणि तेवढ्यातच पुढचे पाऊल टाकतात. हाताशी काय आहे, ओळखीचे कोण आहे, येथून त्यांची सुरुवात होते.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे वाटू नये. मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी १९५९ मध्ये ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. हाताशी होते ते घरातले कौशल्य आणि चाळीची गच्ची. धर्मादाय मदत घ्यायची नाही, हे त्यांनी आरंभापासून ठरवले. लिज्जत पापड आज जगाला ठाऊक आहे. त्याचा आरंभ मात्र बुडाले असते तरी सात घरे सावरू शकली असती, एवढ्याच रकमेचा होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरणही असेच बोलके आहे. रंगांची पुरती ओळख पटत नसल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर अशी त्यांची वाटचाल झाली. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे त्यांना काढता आली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. वस्तू चांगली असणे आणि ती खपणे यांत काळाचे केवढे अंतर असू शकते, हे विद्यार्थ्यांनी या उदाहरणावरून टिपून ठेवावे.

अनुदान म्हणजे बक्षीस नव्हे

शासनाच्या योजनांची माहिती हाही या अभ्यासाचा आवश्यक भाग आहे. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रांची व्यवस्था अस्तित्वात आली. २०१९ मध्ये राज्यात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या रचनेत प्रवर्ग आणि ठिकाण यांनुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान, ५ ते १० टक्के अर्जदाराचा स्वतःचा वाटा आणि बाकीचे बँकेचे कर्ज अशी विभागणी ठरवण्यात आली. ही आकडेवारी पाठ करणे सोपे आहे. तिचा अर्थ मात्र वर्गात शांतपणे समजावून द्यावा लागतो. अनुदान कितीही असले तरी प्रकल्पाचा मोठा हिस्सा कर्जाचाच राहतो, आणि ते कर्ज धंदा चालो वा न चालो, व्याजासह फेडावे लागते. अनुदान मिळते म्हणून व्यवसाय निवडणे आणि व्यवसाय पक्का ठरल्यावर योजनेचा आधार घेणे, या दोन मार्गांवर निघालेले तरुण पाच वर्षांनी फार वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचतात. प्रकल्प अहवाल दुसऱ्याकडून लिहवून न घेता ज्याने आपल्या घाण्याचा हिशेब स्वतः मांडलेला असतो, त्यालाच बँकेच्या अधिकाऱ्यासमोर आत्मविश्वासाने बोलता येते.

वर्गाची खरी कसोटी

मग वर्गात काय करावे? अमेरिकेतील बॅब्सन महाविद्यालयात पदवीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांचे गट संस्थेकडून लहानसे कर्ज घेऊन प्रत्यक्ष व्यवसाय चालवतात, वर्षअखेर तो बंद करून कर्ज फेडतात आणि उरलेला नफा समाजकार्यासाठी देतात. आपल्याकडे एवढा निधी प्रत्येक महाविद्यालयाजवळ नसेल. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार राज्यात आखलेल्या पदवीच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. ते श्रेयांक जुन्या अहवालाची नक्कल करून मिळवायचे, की आठवडी बाजारात पन्नास पाकिटे विकून, हे ठरवणे महाविद्यालयाच्या हाती आहे.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एकदा तरी स्वतः काही विकावे आणि त्याचा खरा हिशेब, तोट्यासह, वर्गासमोर ठेवावा. दुसरी, गावातील किराणा दुकानदार, लोहारकाम करणारा कारखानदार, खानावळ चालविणाऱ्या बाई यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. यशाची कहाणी सांगण्यापेक्षा एखादा फसलेला सौदा उलगडून सांगण्याची विनंती त्यांना करावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाहणी करून, हिशेब मांडून, 'हा व्यवसाय करू नये' अशा निष्कर्षाला जो विद्यार्थी येईल, त्यालाही पूर्ण गुण मिळावेत. आज प्रत्येक प्रकल्प अहवालाचा शेवट 'हा व्यवसाय फायदेशीर आहे' या वाक्यानेच होतो, कारण दुसऱ्या उत्तराला गुण मिळतील याची विद्यार्थ्याला खात्री नसते. वेळेवर 'नको' म्हणता येणे हाही उद्योजकाचा गुण आहे. दहा गुणांच्या यादीत तो सहसा सापडत नाही.

हा विषय शिकलेल्या सर्वांनी उद्योगच काढावा, अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. कोणी बँकेत जाईल आणि कर्जाचा अर्ज अधिक जाणतेपणाने वाचील. कोणी वडिलांचे दुकान सांभाळील आणि उधारीची वही वेळेवर मिटवील. कोणी बचत गटाच्या महिलांना पाकिटाची किंमत ठरवायला मदत करील. आणि थोडे खरोखरच नवा उद्योग उभारतील. त्यांच्यामागे ज्या घराने आपली पुंजी उभी केली असेल, त्या घराचा विश्वास त्यांनी महाविद्यालयात असतानाच थोड्या पैशांत तपासून पाहिलेला असेल.

मित्रहो, उद्याच्या परीक्षेत तो जुना प्रश्न पुन्हा येईल. दहा गुणांची यादी अवश्य लिहा. पण त्या यादीखाली आपल्या पन्नास पाकिटांचा हिशेब लिहिता येईल, अशी तयारी आजपासून करा.