किरणांच्या कामावरचा मुलगा

आज मी लोणच्याचं किंवा शिवणाचं काही सांगणार नाही. आमच्या घरात आलेल्या एका स्थळाची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या निमित्तानं लोखंडाच्या एक्स-रेची.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या पुतणीला स्थळ आलं. मुलगा चिखलीकडचा, आयटीआय झालेला. घरी चार एकर वावर, व्यसन नाही, पगार बरा. सगळं जुळत होतं. बायोडाटात नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'इंडस्ट्रियल रेडिओग्राफर'. हे काय, असं विचारल्यावर मध्यस्थ म्हणाले, "वेल्डिंगचे फोटो काढतो, किरणांनी." झालं. आमच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे मुलीची आई, उठून आत गेल्या. "किरणाच्या कामावरचं पोट्टं नको बाप्पा. उद्या लेकरूबाळ नाही झालं तर? आन् त्याचे कपडे कोन धुईन?"

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण मी बावीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले. मलाही दोन लेकरं झाली, ती त्याच नोकरीत. पण लोखंडाचा एक्स-रे मी कधी काढला नव्हता. म्हटलं, चार दिवस थांबा, विचारून वाचून सांगते.

जाऊबाईंचा नकार नुसता ऐकीव नव्हता, हे आधी सांगते. मेहकर तालुक्यात आमचं वावर. समृद्धी महामार्गाच्या कडेनं मुंबईहून नागपूरकडे जाणारी गॅसची मोठी वाहिनी टाकली गेली, तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे शेताची लाईन रात्रीच येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हरभऱ्याला ओलित करायला जाऊबाई रात्री दहाला बॅटरी घेऊन निघाल्या, तर धुऱ्याजवळ दोरी बांधलेली, त्यावर लाल दिवे आणि पिवळी पाटी. त्या दोरीखालून वाकून जाणार, तोच अंधारातून एक माणूस ओरडला, "मावशी, मागं व्हा!" जाऊबाईंना राग आला. आपल्याच वावरात जायला परवानगी कसली? मग त्यांनी पाहिलं. दोन पोरांनी पाइपाच्या जोडावर काहीतरी गुंडाळलं, एक जड डबा ठेवला, त्याला लांब नळी लावली आणि दोघं भराभरा दूर गेले. एकानं दूरवरून हँडल फिरवलं. चार-पाच मिनिटांनी परत उलटं फिरवलं.

"ते पोरं डबा ठिऊन पळतात व," जाऊबाई मला म्हणाल्या, "म्या डोळ्यानं पाह्यलं. चांगली चीज असती तं पळाले असते का?"

बोलणं खरं होतं. उत्तर द्यायचं तर मला त्या डब्यापासूनच सुरुवात करावी लागली.

आपण खामगावला चांदी घ्यायला जातो. तिथली चांदी चोख म्हणून नाव आहे. तरी मनात शंका असतेच, की वरून पांढरी, आतून काय? सोनार शंका फेडायला पट्टी कापून दाखवू शकतो, घासून दाखवू शकतो. पण पाइपाचा जोड कापून पाहिला तर तो जोड उरतच नाही. वेल्डिंग वरून गुळगुळीत दिसतं. आत हवेचा बुडबुडा राहिलेला असतो, वेल्डिंगची मळी अडकलेली असते, कधी दोन कडा एकमेकींना नीट चिकटलेल्याच नसतात, कधी केसासारखी चीर असते. त्या पाइपातून मोठ्या दाबानं गॅस जाणार असतो. शेगावच्या शेजारी पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्यासारख्या बॉयलरमध्ये अशा नळ्यांचे हजारो जोड असतात. चीर आहे की नाही, हे न कापता पाहायचं, म्हणून किरणं.

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स-रे सापडले आणि डिसेंबरात त्यानं आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी दिसते, तोच तो प्रसिद्ध फोटो. पुढे हीच युक्ती लोखंडाला लावली. दवाखान्यात आपण हाड पाहतो, तिथं वेल्डरचा हात पाहतात. जोडाच्या एका बाजूला किरण, दुसऱ्या बाजूला फिल्म. जिथं धातू भरीव, तिथून किरण कमी जातात, फिल्म फिकी राहते. जिथं पोकळी, तिथून जास्त जातात, काळा ठिपका पडतो. चीर असेल तर काळी रेघ. फिल्म धुतली, दिव्यावर धरली की जाणत्याला जोड वाचता येतो. नापास झाला तर तेवढा भाग खोदून पुन्हा वेल्डिंग, नाहीतर जोडच कापायचा. वेल्डर आणि रेडिओग्राफर यांचं फारसं जमत नाही म्हणतात, ते का हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता डबा. माझं दवाखान्यातलं मशीन विजेवर चालायचं. बटण सोडलं की किरण संपले, दिवा मालवल्यावर उजेड संपतो तसे. साइटवर प्रत्येक ठिकाणी असं मशीन नेता येत नाही. तिथं पुष्कळदा इरिडियम-१९२ नावाचा धातू वापरतात. आपल्या देशात तो मुंबईला ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतो आणि वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेकडून कामावर जातो. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान तुकडा, पोलादी कुपीत सीलबंद. कामावरचे लोक त्याला 'सोर्स' म्हणतात आणि ज्या डब्यात तो राहतो त्याला 'कॅमेरा'. डबा एवढासा, पण वजन वीस किलोच्या वर, कारण किरण अडवायला आत शिशाहूनही जड धातू असतो.

या सोर्सला बटण नसतं, बायांनो. तो रात्रंदिवस किरण टाकतच असतो. सुमारे ७४ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते, आणखी ७४ दिवसांनी त्याच्या निम्मी, पण बंद असा तो कोणी करू शकत नाही. फक्त डब्यात कोंडता येतो. हँडल फिरवलं की तारेच्या टोकाला लावलेला सोर्स नळीतून पुढे जोडापर्यंत जातो, फोटो झाला की परत डब्यात ओढायचा. म्हणून ती पोरं दूर जातात. चुलीपुढं बसलं तर धग लागते, दारात गेलं तर लागत नाही, तसंच हे. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात, दहापट केलं की शंभराव्या हिश्श्यावर.

"म्हंजे पळत नाहीत, लांब जातात," जाऊबाई म्हणाल्या. मी म्हटलं, हो. जो लांब जात नाही त्याला मुलगी देऊ नका.

मग कपडे. हा प्रश्न मला दवाखान्यातही आयांनी कितीदा विचारला होता. दिवा मालवला की उजेड साडीला चिकटून घरी येत नाही. तसेच हे किरण अंगाला, कपड्याला, डब्याच्या भाकरीला चिकटत नाहीत. सीलबंद सोर्सवर काम करणारा माणूस घरी किरण आणत नाही. त्याचे कपडे धुवा, त्याच्या कडेवर लेकरू द्या, काही होत नाही.

पण इथं मला एक खरी गोष्ट सांगावीच लागेल, कारण तीही मी वाचली आणि त्या रात्री झोप लागली नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू देश आहे. तिथं यानांगो इथल्या वीजप्रकल्पावर १९९९ च्या फेब्रुवारीत सोर्स डब्यातून सुटून पडला. एका वेल्डरला तो दिसला. काय आहे ते कळलं नाही, त्यानं उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. काही तास काम केलं, घरी गेला. मांडी दुखायला लागली. डॉक्टरला वाटलं, किडा चावला असेल. पँट काढून ठेवली होती, त्यावर बसून बायकोनं लेकराला पाजलं. तिच्याही पाठीला खालच्या बाजूला जखम झाली. नवऱ्याचा पुढे पाय कापावा लागला. मोरोक्कोत १९८४ साली असाच हरवलेला सोर्स एका माणसानं घरी नेऊन ठेवला, आठ माणसं गेली. इजिप्तमधल्या मीत हल्फा गावात २००० साली एका शेतकऱ्यानं चमकतं काहीतरी मौल्यवान समजून घरी नेलं. बाप आणि लहान मुलगा दोघंही गेले. आणि आपल्या देशात २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्टचं जुनं यंत्र फोडलं गेलं, त्यात एक कामगार गेला. तो सोर्स वेल्डिंगचा नव्हता, विद्यापीठातल्या जुन्या यंत्रातला होता, पण जात तीच.

म्हणजे कपड्यातून किरण येत नाहीत, खिशातून सोर्स येऊ शकतो. हा फरक मी जाऊबाईंना तीनदा सांगितला, तुम्हालाही पुन्हा सांगते. आपल्या बाया भंगार वेचतात, लेकरं साइटवरून तारेचे तुकडे, स्प्रिंगा खेळायला आणतात. पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेलं काळं किंवा किरमिजी चिन्ह दिसलं, किंवा कामाच्या जागी अनोळखी चमकतं धातूचं काही पडलेलं दिसलं, तर हात लावू नका, झाडूनही बाजूला करू नका. लांब जा, इतरांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा. आणि रात्री लाल दिव्यांची दोरी दिसली तर ओलित दहा मिनिटं उशिरा झालं तरी चालेल.

राहिली गोष्ट लेकराबाळांची. मी आकड्यातच सांगितली, कारण धीर देऊन भीती जात नाही. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात, जगाची सरासरी आहे ही. किरणांवर काम करणाऱ्याला आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० ची मर्यादा आहे. ती अणुऊर्जा नियामक मंडळानं घालून दिली आहे. पुरुषाचं बीज तात्पुरतं कमी व्हायलाही दीडशेच्या आसपास मात्रा एकदम लागावी लागते, कायमचं जायला हजारोंमध्ये. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या माणसांना पुढे झालेल्या मुलांचा कितीतरी दशकं अभ्यास झाला, त्यांच्यात आईबापाच्या किरणांमुळे व्यंग वाढल्याचं दिसलं नाही. बॉम्ब पडला तेव्हा आईच्या पोटात असलेल्या बाळांना मात्र इजा झाली होती. म्हणून दवाखान्यात एक्स-रेला जाताना दिवस गेले असतील तर आधी सांगा म्हणतो, आणि म्हणूनच किरणांवर काम करणारी बाई गरोदर राहिली की तिच्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा आहे. धोका अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही. जास्त मात्रेनं कॅन्सरची शक्यता थोडी वाढते. पण मात्रा किती लागली, हे मोजलेलं असतं. त्या मुलाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, माझ्याही होता. आतल्या चकत्यांमध्ये किरणांचा हिशोब साठतो, मुदतीनं तो बॅज प्रयोगशाळेत जातो आणि आकडा येतो.

तर मी पुतणीला म्हटलं, पगाराची स्लिप सगळेच मागतात. तू बॅजचा आकडा माग.

तिनं खरंच मागितला. मुलानं राग मानला नाही, गेल्या तीन वर्षांचे आकडे फोनवर पाठवले. मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. मी आणखी एक प्रश्न तिला शिकवला होता, कारण वाचताना माझ्या लक्षात आलं होतं, की सोर्स डब्यात परत आला असं नुसतं धरून चालणं हीच या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. हँडल पूर्ण उलटं फिरवलं म्हणजे सोर्स आलाच, असं नसतं. तार सुटू शकते, सोर्स मध्येच अडकू शकतो. मोजल्याशिवाय कळत नाही, कारण किरणांना वास नाही, रंग नाही, आवाज नाही. पुतणीनं विचारलं, "फोटो झाला की तुम्ही काय करता?" तो म्हणाला, "मीटर हातात धरून कॅमेऱ्यापर्यंत जातो. आधी मीटर, मागून मी. हेल्परला तोवर हलू देत नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "एकदा साहेब घाई करत होते, जोड जास्त होते. मी मीटरशिवाय गेलो नाही, तर त्या दिवशीचा माझा ओव्हरटाइम गेला." कोणती साइट ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

माघात पाहुणे पाहायला आले. मुलगा सावळा, कमी बोलणारा. पाणी दिलं, बसले, आमचे भाऊजी नोकरी कायम आहे का वगैरे विचारायला लागले. तेवढ्यात जाऊबाई पदर सावरत दाराशी आल्या. मला वाटलं, आता या परत कपड्यांचं काढतात की काय.

"बाप्पू," त्या म्हणाल्या, "तुमच्या कामावर रात्री दोरी कोन बांधते?"

मुलगा दचकला. मग म्हणाला, "मीच बांधतो, काकू. हेल्पर असतो, पण फिरून मी पाहतो. शेवटी सोडतोही मीच."

"आन् कोनी बाई ओलितले निंघाली तं?"

"तर काम थांबवतो. सोर्स आत घेतो. त्या जाऊन आल्या की पुन्हा सुरू."

जाऊबाई आत गेल्या आणि मला म्हणाल्या, पोहे टाका.